शाई टिकते कशी, पेशी चिकटतात कशा?

दुधाची पिशवी रात्रभर क्रेटमध्ये ओलसर राहते, टेम्पोत दुसऱ्या पिशव्यांवर घासते, सकाळी नळाखाली धुतली जाते. तरी तिच्यावरचे डेअरीचे नाव, फॅटचे प्रमाण आणि वापरण्याची मुदत जागच्या जागी असते. आता त्याच जातीच्या प्लास्टिकची कोरी पिशवी घ्यावी आणि मुलांच्या स्केचपेनने तिच्यावर काहीतरी लिहून पाहावे. रेघ उमटते न उमटते तोच आक्रसते, तिचे बारीक ठिपके होतात आणि बोट फिरवले की सगळे साफ. दोन्ही पिशव्या पॉलिथिनच्याच. मग एकीवर शाई टिकते आणि दुसरीवर का टिकत नाही?

दुधाच्या पिशवीची फिल्म छपाईला जाण्यापूर्वी काही हजार व्होल्टच्या विजेखालून सरकलेली असते. फिल्म आणि वरची धातूची पट्टी यांच्यामधल्या फटीत हवा जांभळट चमकते आणि सेकंदाच्या काही भागातच फिल्मचा वरचा थर बदलून जातो. डेन्मार्कचे अभियंते व्हर्नर आइस्बी यांनी १९५१ मध्ये ही युक्ती काढली. कारखान्यांतले लोक तिला ‘कोरोना ट्रीटमेंट’ म्हणतात आणि त्या नावाचा विषाणू जगाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत आले आहेत. ही प्रक्रिया पिशवीच्या बाहेरच्या बाजूलाच करतात. आतली बाजू मुद्दाम तशीच ठेवतात, कारण तिथे प्लास्टिकला प्लास्टिक उष्णतेने चिकटवून शिवण घालायची असते आणि ट्रीटमेंट झालेल्या पृष्ठभागाची शिवण नीट बसत नाही.

चमकणाऱ्या त्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. कोविडच्या साथीत ‘प्लाझ्मा थेरपी’ हा शब्द घराघरात पोचला, पण तो रक्तातला द्रव. इथला प्लाझ्मा म्हणजे विजेने फोडलेला वायू. त्यात सुटे इलेक्ट्रॉन, विद्युतभारित आयन, अर्धवट तुटलेले चंचल रेणू आणि अतिनील किरण अशी सगळी खिचडी असते. हे नाव अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये दिले. प्लाझ्मा काही दुर्मीळ नाही. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या नळीत तोच असतो. तिथल्या इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या पुढे असते, तरी नळीला हात लावता येतो, कारण इलेक्ट्रॉन अतिशय हलके असतात आणि बाकीचा वायू थंडच राहतो. अशा थंड प्लाझ्मामुळेच प्लास्टिक न वितळवता त्याचा पृष्ठभाग बदलता येतो.

बदलायची गरज का पडते, हे थेंबाकडे पाहिले की कळते. द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरतो तो त्या पृष्ठभागाची ओढ पुरेशी असेल तर. या ओढीला पृष्ठीय ऊर्जा म्हणतात आणि छपाईच्या धंद्यात ती ‘डाइन’मध्ये मोजतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२, पॉलिथिनची पृष्ठीय ऊर्जा ३१च्या आसपास आणि टेफ्लॉनची विशीच्या आत-बाहेर. पॉलिथिनच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नाही. पाण्याचा किंवा शाईचा रेणू हात पुढे करतो, पण तो हात धरायला समोर कोणी नसते. म्हणून थेंब स्वतःतच गोळा होऊन बसतो. शाई टिकायला ही संख्या साधारण ३८ ते ४०च्या वर न्यावी लागते. प्लाझ्मा ते करतो. तो वरच्या साखळ्यांवरचे हायड्रोजन उडवतो आणि रिकाम्या झालेल्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. शाईला धरायला हात मिळतो. हा सगळा फेरफार जेमतेम पाच-दहा नॅनोमीटर खोल असतो, म्हणजे पिशवीच्या जाडीच्या पाच हजाराव्या भागाइतका.

इथवर गोष्ट सोपी वाटते. यंत्र आणावे, बटण दाबावे, हवे ते प्लास्टिक खालून सरकवावे. प्रत्यक्षात वायू तोच, वीज तेवढीच, वेळही तेवढाच ठेवला तरी एक प्लास्टिक सुधारते, दुसरे बिघडते, तिसऱ्यावर काही परिणामच होत नाही आणि चौथे संध्याकाळपर्यंत सगळे विसरून जाते. निकाल काय लागणार हे यंत्राच्या बरोबरीने प्लास्टिकच्या रेणूची बांधणी ठरवते. आणि या फरकाची किंमत पुसट छपाईपुरती नसते. ती कधी इंजेक्शनच्या सिरिंजवर, कधी प्रयोगशाळेतल्या काचेसारख्या ताटलीत, तर कधी थेट डोळ्यात मोजावी लागते.

सगळ्यात साधा फरक पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांच्यातला. एकीकडे दुधाची पिशवी, दुसरीकडे डिस्पोजेबल सिरिंजची नळी. दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. पॉलिप्रॉपिलिनमध्ये दर दुसऱ्या कार्बनला एक छोटी फांदी असते, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची. एवढाच भेद, पण प्लाझ्मापुढे तो फार मोठा ठरतो. ज्या कार्बनला फांदी फुटली आहे त्याच्याकडे एकच हायड्रोजन उरतो आणि तोच सगळ्यात सहज तुटतो. तो गेला, त्या जागी ऑक्सिजन आला, की साखळी तिथेच मोडण्याची शक्यता वाढते. पॉलिथिनमध्ये तशी फांदी नसल्याने कल वेगळा. शेजारच्या दोन साखळ्यांवर रिकामी जागा झाली की त्या एकमेकींना धरतात आणि त्यांच्यात आडवा बंध तयार होतो. म्हणजे त्याच माऱ्याने एका प्लास्टिकचा वरचा थर विणला जातो आणि दुसऱ्याचा उसवतो.

विणला गेल्याने काय होते हे १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हॅन्सन आणि शॉनहॉर्न यांनी दाखवले. त्यांनी पॉलिथिनवर हेलियमसारख्या निष्क्रिय वायूचा प्लाझ्मा सोडला. हेलियम कशाशीही संयोग करत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर नवे असे काही बसले नाही आणि पाण्याशी असलेले त्याचे वैरही फारसे कमी झाले नाही. तरी गोंद लावून जोडलेला सांधा पूर्वीपेक्षा कितीतरी मजबूत निघाला. कारण पॉलिथिनच्या अगदी वरचा थर मुळात सैल, आखूड साखळ्यांचा असतो. गोंद त्याला चिकटतो, पण तो थरच खालून सुटून येतो. आडव्या बंधांनी हा थर शिवला गेला आणि गोंदाला पक्की जमीन मिळाली. चिकटण्यासाठी ओले होणे पुरेसे नाही, खालची जमीन धरून राहणेही तितकेच महत्त्वाचे, हे त्या प्रयोगातून कळले.

पॉलिप्रॉपिलिनची अडचण नेमकी उलट आहे. तिथे प्लाझ्माने तोडलेल्या साखळ्यांचे ऑक्सिजन चिकटलेले आखूड तुकडे पृष्ठभागावर पडून राहतात. त्यांच्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो सुरेख पसरतो. तपासणीत ट्रीटमेंट उत्तम झाल्याची नोंद होते. मग तो तुकडा पाण्याने धुवावा, वाळवावा आणि पुन्हा थेंब ठेवावा. थेंब पुन्हा फुगून बसतो! तुकडे पाण्यात विरघळून वाहून गेलेले असतात. भिंतीवरच्या धुळीवर रंग मारावा तसा हा प्रकार. अशा वेळी अननुभवी माणूस विजेचा जोर वाढवतो, त्याने साखळ्या आणखी तुटतात आणि धूळ आणखी साचते. पॉलिप्रॉपिलिनला मारा बेताचाच द्यावा लागतो.

सिरिंजच्या बाबतीत हा बारकावा जिवाशी येतो. नळीवरच्या मिलिलिटरच्या किंवा युनिटच्या रेघा पॉलिप्रॉपिलिनवर छापलेल्या असतात आणि छपाईआधी नळीला कोरोना, ज्योत किंवा प्लाझ्मा यांपैकी काहीतरी दाखवलेले असते. भारतात कुपीतून मिळणारे इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाचे असते. म्हणजे एकेक युनिट औषध मिलिलिटरचा चाळिसावा भाग. स्पिरिटचा बोळा फिरला आणि रेघ पुसट झाली, तर मधुमेही आजोबांनी सात युनिट ओढले की नऊ हे चष्मा लावूनही सांगता येणार नाही. सुई जिथे बसवतात तो प्लास्टिकचा बुंधाही अनेकदा पॉलिप्रॉपिलिनचाच असतो. स्टीलची सुई त्यात गोंदाने धरून ठेवायची, तर गोंदाला प्लास्टिकने धरायला हवे. वरचा थर भुसभुशीत राहिला तर सुई हातात आणि बुंधा नळीत, किंवा त्याहून वाईट.

टेफ्लॉनचा मामला वेगळाच. तिथे हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन असते आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध कार्बन-हायड्रोजनपेक्षा बराच बळकट. शिवाय फ्लोरिनचे अणू साखळीभोवती चिलखतासारखे दाटीने बसलेले. ऑक्सिजनचा प्लाझ्मा टेफ्लॉनला झिजवतो, पण त्याच्यावर स्वतःचा ठसा फारसा सोडत नाही. वरचा थर उडाला की खाली पुन्हा तेच टेफ्लॉन. तिथे हायड्रोजनचा किंवा अमोनियाचा प्लाझ्मा जास्त कामाला येतो. हायड्रोजन फ्लोरिनशी संयोग पावून त्याला साखळीपासून ओढून नेतो आणि उघड्या पडलेल्या कार्बनवर मग दुसरे काही बसवता येते. नॉनस्टिक तव्याला टेफ्लॉन कसे चिकटते, हा प्रश्न या निमित्ताने पडतोच. तिथे तव्याचा धातू आधी खरखरीत करून घेतात आणि मधे अस्तराचा एक थर देतात. टेफ्लॉनला मनवण्यापेक्षा त्याला खाचांत अडकवणे सोपे.

आता प्रयोगशाळेत जाऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे. अशा पेशी जगभर वाढवल्या जातात त्या मुख्यतः पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक ताटल्यांत आणि बाटल्यांत. ताटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एक जीवाणू वाढवण्यासाठी, दुसरी पेशी वाढवण्यासाठी. दिसायला अगदी सारख्या. फरक एवढाच की पेशींच्या ताटलीचा तळ कारखान्यात कोरोना किंवा ऑक्सिजन प्लाझ्माखालून गेलेला असतो. नवख्या विद्यार्थ्याच्या हातून ताटल्यांची अदलाबदल झाली, तर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तळाला पसरलेल्या दिसण्याऐवजी गोल होऊन तरंगताना दिसतात. आपल्या शरीरातल्या बहुतेक ऊतींच्या पेशींना जगायला आणि वाढायला बुडाला आधार लागतो, तो नसला की त्या हळूहळू मरतात. कर्करोगावरच्या औषधाची चाचणी असो की विषाणू वाढवून त्याचा अभ्यास, पहिल्याच पायरीवर सगळे कोलमडते.

पेशी थेट प्लास्टिकला चिकटतच नाहीत. आधी त्यांच्या खाद्यद्रवातली प्रथिने तळावर बसतात आणि पेशी त्या प्रथिनांना धरतात. पाण्याला दूर लोटणाऱ्या कोऱ्या पॉलिस्टायरिनवर अल्ब्युमिनसारखी बिनकामाची प्रथिने घट्ट बसून जागा अडवतात, तर फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन यांसारखी धरून ठेवणारी प्रथिने आपला आकार गमावतात. ऑक्सिजन बसलेल्या तळावर हीच प्रथिने योग्य बाजू वर करून बसतात आणि पेशीला पाय टेकता येतात.

पण यासाठी पॉलिस्टायरिनच का? स्वस्त आणि पारदर्शक आहे म्हणून, हे खरेच. त्यापलीकडचे कारण पुन्हा साखळीत सापडते. पॉलिस्टायरिनच्या साखळीवर दर दुसऱ्या कार्बनला बेंझीनचे सहा कोनांचे कडे लटकलेले असते. इलेक्ट्रॉनचा फटका बसला की त्याची ऊर्जा या कड्यात वाटली जाते, त्यामुळे मुख्य साखळी तुलनेने कमी तुटते. ऑक्सिजन बसायला जागाही मिळते आणि पृष्ठभागाचा भुसाही फार होत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ही जाडजूड कडी साखळीला सहजासहजी वळू देत नाहीत. पॉलिस्टायरिनच्या साखळ्या हलायला लागतात त्या सुमारे १०० अंश सेल्सिअसला. त्याखाली त्या जिथे आहेत तिथे गोठलेल्या असतात. या सीमेला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पेशी वाढवायच्या ३७ अंशांवर. म्हणजे प्लाझ्माने केलेली खूण पुसली जाण्याचा धोका कमी. ताटली पाकिटात महिनोन्महिने पडून राहिली तरी चालते.

सगळ्याच प्लास्टिकांची स्मरणशक्ती इतकी चांगली नसते. दुसरे टोक पाहायचे तर सिलिकोन घ्यावे. त्याची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची असते. ती इतकी लवचीक की तिचे काच-संक्रमण तापमान उणे १२५ अंशांच्या आसपास आहे. नेहमीच्या तापमानाला या साखळ्या शेवयांसारख्या वळवळत असतात. प्लाझ्मातून काढलेल्या ताज्या सिलिकोनवर पाणी आरशासारखे पसरते. काही तासांनी तेच पाणी थेंब होऊ लागते आणि काही दिवसांत सिलिकोन जवळपास मूळ स्वभावावर येते. साखळ्या वळतात, ऑक्सिजन बसलेले भाग आत दडवतात, आणि खालून न जोडलेल्या आखूड साखळ्या वर झिरपून नवा थर चढवतात. प्लाझ्माने वरचा थर काचेसारखा ठिसूळ केलेला असतो. त्याला बारीक तडे गेले तर ही झिरपण आणखी वाढते. उपाय म्हणून ट्रीटमेंट केलेले सिलिकोन पाण्यात बुडवून ठेवतात. बाहेर पाणी असले की ऑक्सिजनवाल्या भागांना आत दडायचे कारण उरत नाही.

या विसराळूपणाच्या आत काम उरकणारेही आहेत. रक्ताचा थेंब तपासणाऱ्या छोट्या सिलिकोन चिप बनवताना सिलिकोन आणि काच दोन्ही प्लाझ्मात घालून काही मिनिटांच्या आत एकमेकांवर दाबतात. ती कायमची जुळतात, गोंदाची गरजच पडत नाही. हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये अशा चिप झटपट बनवण्याची पद्धत मांडली आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. तिथे उशीर हाच खरा शत्रू.

पॉलिथिन या दोन टोकांच्या मधे येते. त्याचे काच-संक्रमण तापमानही शून्याच्या बरेच खाली आहे, म्हणजे नियमाने तेही लगेच विसरायला हवे. पण त्याच्या साखळ्यांचा मोठा भाग स्फटिकांत घट्ट रचलेला असतो. ही स्फटिके खुंट्यांसारखी मधल्या सैल साखळ्यांना धरून ठेवतात. म्हणून फिल्मची ट्रीटमेंट आठवडे टिकते. इथे वेगळाच घरभेदी असतो. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फिल्ममध्ये इरुकामाइडसारखा मेणचट, निसरडा पदार्थ मिसळतात. तो ज्या आम्लापासून बनतो ते मोहरीच्या तेलातही असते. हा पदार्थ हळूहळू वर येतो आणि ट्रीटमेंटवर पांघरूण घालतो. गोदामात फार दिवस पडलेला रोल छपाईला घेण्याआधी डाइन पेनची रेघ मारून तपासतात ती यासाठीच. रेघ फुटली तर रोल पुन्हा विजेखालून काढायचा, पण पहिल्यासारखा निकाल सहसा येत नाही.

सिलिकोनचा विसराळूपणा सगळ्यात महाग पडला तो डोळ्यांच्या बाबतीत. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू मुख्यतः हवेतून घेते. जुन्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्समधून प्राणवायू जातो तो त्यातल्या पाण्यातून, आणि रात्रभर घालून झोपणाऱ्याला तो पुरत नाही. सिलिकोनमधून तो सहज जातो. म्हणून निव्वळ सिलिकोनच्या लेन्स करून पाहिल्या गेल्या. पण अश्रू त्यांच्यावर पसरेनात, मळ चिकटे आणि काही वेळा लेन्सच डोळ्याला घट्ट धरून बसे. सिलिकोनमध्ये पाणी धरणारे भाग मिसळून सिलिकोन हायड्रोजेल तयार झाले, तरी वरच्या थरात सिलिकोनच डोके वर काढी.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या पहिल्या दोन सिलिकोन हायड्रोजेल लेन्सनी प्लाझ्माचा आधार घेतला, पण वेगवेगळ्या रीतीने. बॉश अँड लाँबच्या प्युअरव्हिजनमध्ये प्लाझ्माने पृष्ठभागावरच्या सिलिकोनचीच काचेसारखी बेटे केली. बेटे एकसंध नसल्याने लेन्स वाकते आणि मधल्या मोकळ्या जागेतून प्राणवायूही जातो. सिबा व्हिजनच्या नाइट अँड डे लेन्सवर प्लाझ्मातूनच सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचा एक नवा, पाण्याला धरणारा पापुद्रा चढवून तो लेन्सला रासायनिक बंधांनी जोडला. साखळीला आठवण ठेवायला सांगण्यापेक्षा तिच्यावर झाकणच बसवायचे, असा हा विचार. पुढे २००४च्या सुमारास आलेल्या लेन्सनी प्लाझ्माची पायरीच गाळली. त्यांनी पाणी धरणाऱ्या पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनच्या लांब साखळ्या लेन्सच्या अंगातच गुंफल्या. लवचीक साखळ्या वळवळून काहीतरी वर आणणारच असतील, तर वर येणारी वस्तूच पाण्याला धार्जिणी असू दे.

चष्म्याच्या दुकानात लेन्सचे खोके हातात घेतले तर ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत बालाफिल्कॉन, लोट्राफिल्कॉन किंवा पूर्वी मिळणाऱ्या खोक्यांवर गॅलिफिल्कॉन असे एखादे अवघड नाव सापडते. त्यांतल्या पहिल्या दोन नावांची लेन्स डोळ्यावर येण्यापूर्वी ट्यूबलाइटसारख्या उजेडातून जाऊन आलेली असते. तिसरीला त्याची गरज पडलेली नाही.